यात राहशील का?

घर विकायचं म्हटलं की लोक आधी मला बोलवायचे आणि मी मास्तरांना. मास्तर आले की घरमालकाच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. कॅमेरा, तिवई, काळं फडकं सगळं ओसरीवर ठेवून हा गृहस्थ पहिल्यांदा काय मागायचा? तर पाणी. तेही माठातलं चालायचं नाही. "विहिरीचं आणा. आत्ता शेंदलेलं," म्हणायचे. ते पिऊन झालं की भिंतीला पाठ लावून बसायचे, ते बसायचेच. ऊन ओसरीवरून माजघरात सरकायचं, घरातल्या बायका दोनदा डोकावून जायच्या, मालक माझ्याकडे बघायचा आणि मी दुसरीकडे. एकदा एका वकिलाने वैतागून विचारलं, "अहो, फोटो काढायला आलात की जेवायला?" मास्तर शांतपणे म्हणाले, "अजून घर माझ्याशी बोललं नाही, वकील."

मी दलाल माणूस. सोलापुरात तेव्हा गिरण्या जोरात होत्या, भोंग्यावर गाव उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. विकणारे इथे आणि घेणारे भलतीकडेच, कुणी मुंबईला, कुणी हैदराबादला, कुणी इंदूरला, अशी गत. दरवेळी आगगाडीने येऊन घर बघणं कुणाला जमणार? म्हणून पाकिटात घालून घराचे फोटो पाठवायची टूम मी काढली. टूम माझी, त्यात मास्तरांचा काही हात नाही, हे मी आजही ठणकावून सांगेन. पण काढलेल्या फोटोंतले कोणते पाठवायचे, हे ठरवायचा अधिकार माझ्या हातून कधी सुटला ते मला कळलंसुद्धा नाही.

उंच, किडकिडीत, बोटांची टोकं रसायनांनी कायमची काळी. पूर्वी कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवलेली, म्हणून मास्तर. सगळ्या जगाला त्याच्या धंद्याने हाक मारायची खोड. मी "अहो दलाल", डॉक्टर "अहो डॉक्टर" इथवर ठीक होतं, पण शेजारच्या पापड लाटणाऱ्या म्हातारीलाही "अहो पापड, बऱ्या आहात ना?" नावाने हाक मारायची ती फक्त बायकोला, तीही चारचौघांत, भर रस्त्यात. त्या काळी आमच्याकडे हे कुणी करत नसे. बायका पदराआड हसायच्या. वहिनी मात्र "ओ" द्यायच्या, अगदी सहज.

फोटोंच्या बाबतीत त्यांचं पहिलं म्हणणं असं, की घरात माणूस हवा. रिकाम्या घराचा फोटो ते काढायचे नाहीत. आणि तो माणूस रोज जसा असतो तसा हवा. कोट घालून बसलेला मालक दिसला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

साखर पेठेत एका विणकराचं घर विकायचं होतं. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की पुढचा सोपा मोकळा कर, चुना मार, जरा झकपक दिसू दे. बिचाऱ्याने माग उचकटून परसात टाकला, कुणाचा तरी कोट मागून आणला आणि खुर्चीवर ताठ बसला. मास्तर आत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "माग कुठाय?"

"काढला की मास्तर. घेणारा शेठ हाय म्हणतेत. त्याला माग कशाला पायजे?"

"जमिनीत पाय सोडायचा खड्डा दिसतोय. वर माग नसला की तो थडग्यासारखा दिसतो. माग लावा, कोट काढा आणि विणायला बसा."

माग लावण्यात दिवस गेला. मी मनातल्या मनात मास्तरांच्या सात पिढ्या उद्धरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन खिडकीतून नेमकं ताण्यावर आलं आणि मास्तरांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं. हैदराबादच्या त्या शेठने उत्तरात काय लिहावं? 'ज्या खोलीत माग आहे तिथे उजेड उत्तम दिसतो, ती खोली आम्ही बैठकीची करू.' घर गेलं. चुन्याला झालेला खर्च विणकराने मला कितीतरी दिवस ऐकवला.

आता निवडीचं. फोटो छापून झाले की मास्तर ते घरी न्यायचे आणि वहिनी भाकऱ्या करत असल्या तरी चुलीपुढे पाटावर मांडायचे. मी तिथे दारात उभा. मास्तर एकेक फोटो पुढे करून एकच प्रश्न विचारायचे, "यात राहशील का?"

वहिनी पिठाचे हात मागे धरून बघायच्या. "नाही बाई. इथे दुपारी जीव घाबरेल," असं एकाला. "इथे राहीन. याच्या जोत्यावर बसून शेंगा फोडता येतील," असं दुसऱ्याला. ज्याला त्या 'राहीन' म्हणतील तो फोटो पाकिटात. मोठा दर्शनी कमानीचा झोकदार फोटो बाजूला पडायचा आणि परसातल्या दोरीवर लुगडं वाळत घातलेला पाठवला जायचा. मी कपाळाला हात लावायचो. पण खरं सांगायचं तर त्यांनी 'राहीन' म्हटलेली घरं विकली जायची. घेणाऱ्या माणसाच्या मागेही कुणीतरी पिठाचे हात घेऊन बघणारं असतं, हे मला फार उशिरा उमगलं.

मास्तर पूर्वी माणसांचे फोटो काढत. ते का सोडलं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, करकंबहून परत येताना, बैलगाडीत. मानमोडीच्या साथीत त्यांना रोज कुठून ना कुठून बोलावणं यायचं. तेव्हा पुष्कळ घरांत माणसाचा पहिला फोटो तो गेल्यावरच निघायचा. भिंतीला टेकवून बसवायचं, हार घालायचा, आणि फोटोवाल्याला म्हणायचं, जिवंत दिसू द्या. मास्तरांचा हात चित्रकाराचा. ते छापलेल्या कागदावर बारीक कुंचल्याने मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवून द्यायचे. लोक हात जोडायचे. एका धनगराच्या घरी लहान मुलगी गेली होती. मास्तरांनी तिचे डोळे फार सुंदर रंगवले. तिच्या आईने फोटो हातात घेतला, पुष्कळ वेळ बघितला आणि परत दिला.

"ही माजी न्हवं," ती म्हणाली. "माजीचं डोळं मिटल्यालं हुतं."

"त्या दिवसापासून घरं," मास्तर म्हणाले. मला त्या आईचा राग आला होता आणि का आला ते कळत नव्हतं.

हे माहीत असूनही मी एकदा चावटपणा केलाच. कुंभारीच्या एका शेतकऱ्याचं गावात घर होतं. तोंड पूर्वेला, सगळं झकास, पण जिना नेमका ईशान्येला, देवाच्या कोपऱ्यात. गिऱ्हाईक नाक मुरडायचं. आता ज्या काचेवरून फोटो छापतात ती कागदावर उलटी ठेवून छापलं, तर डावं उजवं होतं आणि उजवं डावं. काचेच्या जाडीमुळे फोटो जरा धूसर येतो, एवढंच. हे मास्तर कधीतरी बोलून गेले होते आणि मी ते त्या शेतकऱ्याला सांगितलं. तो खूष.

"फिरवा की वो मास्तर जिना! फोटुतच फिरवायचा हाय, तितं काय गवंडी लागत न्हाय."

मास्तर लालबुंद झाले. "घर म्हणजे काय टोपी आहे, फिरवून घालायला? उद्या माणूस पेटी-वळकटी घेऊन दारात उभा राहील आणि त्याला जिना सापडणार नाही. दलाल, पुन्हा हे बोललात तर आपला संबंध संपला." तिवई खांद्यावर टाकून चालू लागले. मी मागे, माझ्या मागे शेतकरी, "लई तापट हाय की ह्यो," म्हणत.

तर असा हा माणूस. आणि त्याच्यावर स्वतःचं घर विकायची वेळ आली.

वहिनींच्या छातीत दुखणं होतंच, त्या हिवाळ्यात खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, ही धूळ आणि हा गिरण्यांचा धूर यांना सोसायचा नाही. उन्हाळा लागायच्या आत पाचगणीच्या बाजूला हलवा, वर्ष-दोन वर्षं तिथे ठेवा. मास्तरांकडे विकण्यासारखं एक घर तेवढं होतं. ते विकलं तर वहिनी जातील, नाही तर सोलापूरचा वैशाख. सगळ्या गोष्टी इतक्या सरळ होत्या.

घर छान होतं हो. पूर्वेचं तोंड, लहानसं अंगण, दगडी पायरी. पण अंगणात विहीर, आणि ती रस्त्यावरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, म्हणजे आग्नेयेला. आग्नेय विस्तवाची जागा, तिथे पाणी म्हणजे घर बसलं, असं आमच्याकडे मानतात. त्यात नवरा-बायकोला मूल नाही. झालं! गावाने सगळा दोष त्या विहिरीवर टाकला होता. वास्तविक असं गोड पाणी त्या पेठेत नव्हतं. दुष्काळातसुद्धा तिने तळ दाखवला नाही आणि वहिनींनी कुणाची घागर परत पाठवली नाही. पण घागर भरून नेणारेच घर घ्यायचं म्हटलं की मागे सरायचे. एकाने तर मला तोंडावर सांगितलं, "पानी द्या, घर नगं."

राहता राहिला बाहेरचा माणूस. इंदुरात एक निवृत्त अधिकारी होते, मूळचे माळशिरसकडचे, म्हातारपण आपल्या मुलखात काढावं म्हणत होते. त्यांनी लिहिलं होतं, 'घर पूर्वाभिमुख असावे व विहीर असल्यास ईशान्येस असावी.' ते वाचून मी कागद घडी करून खिशात टाकला. मास्तरांनी तो मागून घेतला, वाचला आणि म्हणाले, "उद्या सकाळी या. झाकण काढायला माणूस लागेल."

सकाळी गेलो तेव्हा कॅमेरा रस्त्यावर लावून तयार होता. घरात माणूस हवा हा त्यांचाच नियम, आणि वहिनी तर अंथरुणावर. मास्तर स्वतः पायरीवर बसले, धोतर नेसलेले, उघडे, जसे रोज सकाळी बसायचे तसे.

"कोट?" मी जरा चिडवलं.

"रोज घालतो का मी कोट? काढा झाकण."

दुसऱ्या दिवशी ते फोटो घेऊन माझ्या दुकानी आले. मी बघितला. थोडा धूसर होता. पायरी, पायरीवर मास्तर, आणि विहीर उजव्या हाताला, छान ईशान्येला. ज्या माणसाने मला भर रस्त्यात झापलं होतं, त्याने आपल्या हाताने काच उलटी ठेवली होती.

"मास्तर, वहिनींना दाखवलात?"

"पाठवा."

"नाही, पण त्यांनी निवडल्याशिवाय आपण..."

"पाठवा म्हणतो ना!" आणि मग हळू आवाजात, "दलाल, फाल्गुन चालू झालाय."

मी पाठवला. आम्ही दोघांनीही तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला होता, पण खरं म्हणजे आम्ही फक्त विहीर पाहत होतो.

इंदूरचं उत्तर लगोलग आलं. 'घर सर्वांस पसंत. विहिरीची जागा उत्तम. आमचा माणूस इसार घेऊन निघत आहे.' मी धावतच मास्तरांकडे गेलो. वहिनी खिडकीखाली पडल्या होत्या, गालाची हाडं वर आलेली. मी पत्र मोठ्याने वाचलं. मला वाटलं होतं त्या हसतील.

"विहिरीची जागा उत्तम?" त्या म्हणाल्या. "बघू तरी. काय पाहून पसंत केलं त्यांनी?"

दुसरी प्रत माझ्या खिशात होती. मास्तर म्हणाले, "आता कशाला? थकशील." वहिनींनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. शेवटी मास्तरांनीच माझ्याकडून फोटो घेतला आणि त्यांच्या हातात दिला. त्या तो बघेनात. मास्तरांकडे बघत राहिल्या.

"विचारा की," म्हणाल्या.

मास्तरांचे ओठ हलले. आवाज असा आला की मला जेमतेम ऐकू गेला. "यात राहशील का?"

आता वहिनींनी फोटो उजेडाकडे धरला. आधी बोट विहिरीवर गेलं. "माझी विहीर डाव्या हाताला आहे," त्या म्हणाल्या. रागाने नाही, एखाद्या मुलाचं चुकलेलं गणित दाखवावं तसं. मग बोट पायरीवर आलं, तिथे बसलेल्या मास्तरांवर, आणि थांबलं.

"आणि हे असं अपसव्य करून का बसलात? कुणाचं श्राद्ध आहे?"

मी वाकून बघितलं. उघड्या अंगावर जानवं स्वच्छ दिसत होतं, उजव्या खांद्यावर. जन्मभर ते डाव्या खांद्यावर असतं. उजव्यावर येतं ते गेलेल्या माणसाला पाणी देतानाच. विहीर फिरवताना मास्तरांनी स्वतःलाही फिरवलं होतं, आणि आम्हा दोघांना ते दिसलं नव्हतं.

मास्तर अंथरुणापाशी खाली बसले. वहिनींनीच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "त्या माणसाची बायको इथे येईल," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "पहिल्या दिवशी घागर घेऊन उजवीकडे जाईल. तिला काय सांगायचं? मला वाचवायला हे केलं म्हणून? मला नाही आवडायचं हो."

बाहेर आल्यावर मी मास्तरांना धरलं. अहो, घर जातंय तर जाऊ दे, विहीर काही पाण्याने वाईट नाही, तो म्हातारा दोन दिवस बडबडेल आणि गप्प बसेल, पण वहिनी जगतील! मी ओरडलो, शिव्या दिल्या, हात जोडले. मास्तर माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"दलाल," ते म्हणाले, "मी पुन्हा डोळे रंगवले."

त्याच दिवशी त्यांनी काच सरळ ठेवून फोटो छापला आणि चूक कबूल करणारं पत्र जोडून स्वतः टपालात टाकला. इंदूरचा माणूस आला नाही. मी मग गावात ज्याच्या त्याच्या दाराशी गेलो, घर घ्या म्हणून अक्षरशः पाया पडलो. कुणी घेतलं नाही. वैशाखात वहिनी गेल्या, त्याच खिडकीखाली. पाचगणीला गेल्या असत्या तर वाचल्या असत्या का? डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण एका फोटोपायी त्यांना तिथवर जाताही आलं नाही, याबद्दल मी मास्तरांवर अजून चिडतो. ते असते तर आजही भांडलो असतो. आणि भांडून झाल्यावर त्यांच्याच विहिरीचं पाणी प्यायलो असतो.

त्यानंतर मास्तरांनी घरांचे फोटो काढणं थांबवलं. कुणी आलंच तर म्हणायचे, "निवडायला माणूस नाही." मी दुसरा फोटोवाला धरला. तो चुना मारलेल्या भिंतींचे छान फोटो काढायचा. ते पाठवताना माझा हात पाकिटाच्या तोंडाशी थांबायचा. विचारणार कुणाला?

वर्षश्राद्धाला मी गेलो. मुलगा नाही, तेव्हा सगळं करणारे मास्तरच. गुरुजी आत पोथी चाळत होते. मास्तर बाहेर पायरीवर बसले होते, उघडे, जानवं उजव्या खांद्यावर. विहिरीच्या काठावर पानात कावळ्यासाठी घास ठेवला होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. मी फाटकातच थांबलो. तोच फोटो. फक्त विहीर आपल्या जागी, डाव्या हाताला.

मास्तरांनी मला पाहिलं. मी काय पाहतोय तेही त्यांना कळलं असावं.

"दलाल," ते म्हणाले, "आत्ता इथून फोटो काढला आणि काच उलटी ठेवून छापली, तर जानवं डाव्या खांद्यावर येईल. काही झालंच नाही असं दिसेल."

कावळा येऊन काठावर बसला होता, अजून शिवला नव्हता.

मास्तरांनी मान हलवली. "पण विहीर उजवीकडे जाईल," ते म्हणाले. "यात नाही राहायची ती."